म्हातारीचे ब्रेक

१

विमान धावपट्टी सोडून गवतात शिरलं होतं आणि नाक मातीच्या बांधात खुपसून बसलं होतं. वैमानिक पोरगा वाचला. दोन्ही पाय मोडले, पण वाचला. स्ट्रेचरवरून नेताना तो एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होता, "डावा ब्रेक नव्हता. डावा ब्रेक नव्हताच हो."

फोरमनला हे दुखणं नवीन नव्हतं. गेले काही महिने हँगरमधली लढाऊ विमानं एकामागून एक तेच रडगाणं घेऊन परतत होती. उतरताना एका बाजूचा ब्रेक मध्येच सुटायचा, समोरचा दिवा लागायचा आणि क्षणात सगळं सुरळीत. हँगरमध्ये आणून तपासावं तर विमान ठणठणीत. मग पेटी बदला, चाकातला सेन्सर बदला, वायर बदला. थोडे दिवस बरे जायचे, की पुन्हा ये रे माझ्या मागल्या.

त्यातली गंमत, गंमत कसली डोंबलाची, ती अशी. एवढ्या वेगात ब्रेक दाबला की चाक जाम होऊन घसरतं. तसं होऊ नये म्हणून मध्ये एक पेटी असते. चाक किती फिरतंय ते एक वायर तिला सांगत असते. चाक थांबलं असं कळलं की पेटी तेवढा ब्रेक सोडते. आता वायरनेच मध्ये तोंड मिटलं, तर पेटीला वाटतं चाक जाम झालं, आणि ती भल्यासाठीच ब्रेक सोडून देते. एक चाक धरलेलं, दुसरं मोकळं. मग विमान बांधात जाणार नाही तर कुठे जाणार?

फोरमन खात्रीला घेऊन विमानाखाली शिरला. खात्री म्हणजे त्याच्या हाताखालचा इलेक्ट्रिशियन आणि घरचा जावई. कुठलंही काम सांगा, "खात्री करून घेतो," म्हणायचा, म्हणून सगळा हँगर त्याला खात्रीच म्हणे. सगळे एकदा तपासायचे तिथे हा तीनदा तपासणार. ओव्हरऑलच्या छातीवर त्याने एक पट्टी शिवून घेतली होती आणि तिच्यात सासऱ्याने दिलेला पितळी टोचा अडकवलेला असे. वायरीतून प्रवाह जातोय का ते बघताना मीटरला जोडायची दाभणासारखी सळई, एवढंच ते. पण बायकोने दिलेल्या अंगठीपेक्षा तो त्याला जास्त जपायचा, आणि बायको त्यावरून बोलायचीही.

खात्रीने डाव्या चाकाच्या पायावरचा, वायर जोडणारा प्लग ओढला. पिनांचा आणि भोकांचा असे दोन अर्धे हातात धरून त्याने क्षणभर पाहिलं, एकदा लावले, पुन्हा काढले. आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"काय रे?" फोरमनने विचारलं.

खात्री काहीच बोलला नाही. त्यानंतर तो कोणाशीच बोलला नाही.

२

तळाच्या साहेबांनी हँगरला कुलूप ठोकलं. उड्डाणं बंद, फोन जमा, फाटकावर पहारा. कारण कळेपर्यंत आतला माणूस बाहेर नाही आणि बाहेरचा आत नाही. वरून फर्मान आलं होतं, हा घातपात आहे, संध्याकाळपर्यंत एक नाव हवं. नाव एकदा वर गेलं की ते परत खाली येत नाही, हे तिथल्या झाडूवाल्यालाही ठाऊक होतं.

आणि नाव जवळजवळ ठरल्यातच जमा होतं. प्लग बघून ज्याची वाचा बसली, तो खात्री. त्याला बॅटरीच्या खोलीत कोंडलं होतं. शिपाई त्याला नेत होते तेव्हा तो उजव्या पायाने किंचित लंगडत होता. फोरमनला वाटलं, कोणीतरी हात उचललेला दिसतोय.

मुख्यालयातून तपासाला जी व्यक्ती आली तिला बघून हँगरमधल्या टायरवाल्याला हसूच आलं. पन्नाशी उलटलेली, जाडजूड, गुडघ्यांनी अधू बाई. काखेत एक उशी. विमानाखाली वाकायचं झालं की आधी उशी टाकायची, मग "आई गं" म्हणत तिच्यावर गुडघे टेकायची. टायरवाल्याने तिचं नाव लगेच उशीबाई पाडलं. तिच्या कानावर ते गेलं तेव्हा ती म्हणाली, नाव चांगलं आहे, पण तुम्ही माझ्या वयाला याल तेव्हा तुम्हालाही उशी लागेल, आत्तापासून शिवायला टाका.

तिने हँगरच्या मधोमध बाक मांडला आणि एकेकाला बोलावलं. फोरमनला तिने सगळ्यांच्या वेळी शेजारी बसवून ठेवलं. त्याला कळेना, हा मान आहे की पहारा.

स्टोअरवाली आधी आली ती तावातावानेच. सुटे भाग ती देते, म्हणून सगळ्यांच्या नजरा तिच्यावर. तिने सांगून टाकलं की तिच्या कपाटातून गेलेला प्रत्येक भाग सीलबंद होता. आणि भाग खराब असता तर बदलल्यावर थोडे दिवसही बरे गेले नसते, सुरुवातीपासूनच बोंब झाली असती. बाई म्हणाली, हे अगदी बरोबर बोललात. स्टोअरवालीला बरोबर म्हणवून घ्यायची सवय नसावी. ती गडबडून उठून गेली.

टायरवाल्याचं आणि खात्रीचं जुनं वाकडं. खात्री त्याचंही काम पुन्हा तपासायचा, आणि ते कोणाला आवडेल? चाकं काढघाल करणारा हाच, म्हणजे संशयाला जागा होतीच. पण तो बिनधास्त होता. चाकं तो सगळ्याच विमानांची काढतो, असं त्याने ऐकवलं.

"आणि आजारी कोणती पडतात?" बाईने विचारलं.

टायरवाल्याने फोरमनकडे पाहिलं आणि नजर वळवली. "खात्रीने ज्यांना हात लावला ती. तो मध्ये रजेवर होता, तेव्हाची दोन विमानं दुसऱ्याने तपासली. ती अजून धडधाकट आहेत. फोरमनसाहेबांनाही माहीत आहे ते."

बाई फोरमनकडे वळली. त्याने मान खाली घातली. माहीत होतं. महिन्यापासून माहीत होतं आणि तोंडात मिठाची गुळणी धरून तो बसला होता.

जाता जाता टायरवाला हसून म्हणाला, "आमची म्हातारी मात्र खमकी हो. घरातल्या नव्या सुना बहुतेक आजारी, आणि सासूबाई टुणटुणीत." म्हातारी म्हणजे कोपऱ्यातलं ते जुन्या बनावटीचं विमान. बाकी सगळी जुनी विमानं निवृत्त झाली, ही एकटी सरावासाठी ठेवली होती.

बाई हसली नाही. ती बराच वेळ म्हातारीकडे बघत राहिली.

३

दुपारी फोरमनची मुलगी कुंपणाशी आली. जाळीच्या पलीकडे उभी, पोटुशी, दिवस भरत आलेले. पहारेकरी तिला जवळ येऊ देईनात. एवढ्या लांबून बोलता येत नव्हतं आणि ओरडायची सोय नव्हती. तिने फक्त दोन्ही हात पसरून विचारलं, काय झालं? फोरमनने हात हलवला. त्याचा अर्थ काहीच होत नव्हता, हे तिलाही कळलं असणार. ती तिथेच दगडावर बसली.

इकडे आड, तिकडे विहीर. खरं बोलावं तर पोरीच्या संसाराला आपणच चूड लावायची. गप्प बसावं तर उद्या आणखी एखाद्या पोराचे पाय, नाहीतर जीवच. आणि खात्रीने हे का केलं असेल? त्याने बदली मागितली होती, ती नाकारली गेली होती. "काहीतरी घडल्याशिवाय इथे कोणी ऐकत नाही," असं तो एकदा जेवताना बोललाही होता. तेव्हा फोरमनने त्याला आणखी वाढून विषय बदलला होता.

बाईने त्याला बॅटरीच्या खोलीत सोबत नेलं. आत अॅसिडचा वास, वर एक गजाची खिडकी आणि खाली सिमेंटच्या कट्ट्यावर खात्री. दिवसभरात माणूस निम्मा झाला होता. बाईने विचारलं, वायर कशी तपासतोस? गप्प. प्लग बघून घाबरलास का? गप्प. तुझ्या बायकोचे दिवस भरलेत म्हणे? त्याचे डोळे भरून आले, पण ओठ उघडले नाहीत. फोरमन म्हणाला, "अरे, बोल. माझ्याकडे बघून तरी बोल." खात्रीने सासऱ्याकडे असं पाहिलं की फोरमनलाच नजर वळवावी लागली.

त्याच्या छातीवरची पट्टी रिकामी होती. तिथला टोचा झडतीत काढून घेतला असेल, असं फोरमन बाईला म्हणाला.

बाहेर पडताना बाईने पहाऱ्यावरच्या शिपायाला विचारलं, हा उजवा पाय अवघडून बसलाय, याला कोणी मारलंय का? शिपायाने कानाला हात लावला. बोटही लावलं नाही बाई, उलट चहा दिलाय. झडतीत काय सापडलं? पेन आणि घरची किल्ली.

मग ती उशी टाकून विमानांखाली शिरली. तिच्याजवळ एक बारीक पिन होती, तिच्या टोकाला शिशाचा मणी. फोरमन लांबून बघत होता. ती चाकाच्या पायावरचा प्लग काढायची, भोकांचा अर्धा खाली वळवून धरायची, एका भोकात पिन अडकवायची आणि हात सोडायची. मध्येच फरशीवर बारीक आवाज व्हायचा, टिंग. पुन्हा टिंग. विमानामागून विमान तिने पालथं घातलं. शेवटी जरा जाड पिन घेऊन ती म्हातारीखाली गेली आणि बराच वेळ कसलाच आवाज आला नाही.

ऊन कलायला लागलं होतं. साहेबांची गाडी हँगरकडे वळताना दिसली. नाव न्यायला येत होते.

फोरमन उठला, ताडताड चालत बाईसमोर उभा राहिला आणि म्हणाला, "मी केलं."

४

बाई विमानाखालून बाहेर आली. उशी झटकली. "काय केलंत?"

"वायर कापली."

"कुठे?"

"पेटीजवळ."

"फोरमन, वायर कुठेही कापलेली नाही. पेटीजवळ नाही, चाकाजवळ नाही. खोटं बोलायचं तर माणसाने आधी थोडा अभ्यास तरी करावा." ती बाकावर बसली आणि त्यालाही हाताने बसवलं. "तुम्हाला जावयाचा संशय आहे, म्हणून त्याचं पाप अंगावर घ्यायला निघालात. बरोबर?"

फोरमन रडला. इतक्या वर्षांत त्या हँगरमध्ये त्याला कोणी रडताना पाहिलं नव्हतं, आणि त्या क्षणी त्याला त्याची लाजही वाटली नाही. आपलेच दात आपलेच ओठ, असं काहीतरी तो बोलत राहिला. पोरीला काय तोंड दाखवू, म्हणाला.

बाईने त्याला शांत होऊ दिलं. मग तिने एवढंच विचारलं, "म्हातारीच्या वायरी कोण तपासतो?"

"खात्रीच."

"आणि तिचे ब्रेक?"

"तिला कधीच काही होत नाही." बोलून झाल्यावर फोरमन थांबला. आपण काय बोललो ते त्याला कळलं, पण त्याचा अर्थ काय ते कळेना.

बाई उठली, गुडघे विसरून उठली. "सगळ्यांना बॅटरीच्या खोलीपाशी बोलवा. साहेबांनाही. आणि पोराला सांगा, उजव्या पायातला बूट काढ."

५

खोलीच्या दारात साहेब, टायरवाला, स्टोअरवाली आणि मागे फोरमन. आत कट्ट्यावर खात्री. बूट काढायला तो तयार होईना. शेवटी बाईने स्वतः वाकून बुटाची नाडी सोडली, आतलं अस्तर उचललं आणि पितळी टोचा बाहेर काढला.

फोरमनने तो लांबूनच ओळखला. तरुणपणी लेथवर बसून त्याने तो स्वतःच्या हाताने कातला होता. सरकारी सळया वाकायच्या, म्हणून. अर्धं आयुष्य तो त्याच्या खिशात होता, आणि फोरमन होऊन टेबलाशी बसला तेव्हा त्याने तो जावयाच्या हातात ठेवला होता.

बाई साहेबांना म्हणाली, "या मुलाने हात लावलेली विमानं आजारी पडतात, हे खरं. पण त्याने म्हातारीलाही हात लावलाय. घातपात करणारा माणूस कोपऱ्यातलं, कोणी ढुंकून न बघणारं विमान का सोडेल? तेव्हा फरक त्याच्या मनात शोधू नका. फरक म्हातारीत आहे. तिच्या प्लगची भोकं जुन्या मापाची आहेत, मोठी. नव्या विमानांची बारीक."

तिने टोचा उजेडात धरला. "हा म्हातारीच्या मापाचा आहे. नव्याच्या भोकात घातला की भोक ताणून सैल होतं. माझी पिन अशाच भोकांतून खाली पडत होती. मग विमान उतरतं, हादरे बसतात, सैल भोकात पिन हलते, वायर क्षणभर तोंड मिटते आणि पेटी ब्रेक सोडते. हँगरमध्ये हादरे नाहीत, म्हणून इथे सगळं छान. नवी वायर टाकली, की हा मुलगा खात्री करून घ्यायला पुन्हा हाच टोचा घालणार. दुसरा कोणी एकदा तपासेल, हा तीनदा. जितकी काळजी जास्त, तितकं भोक सैल."

टायरवाल्याने जीभ चावली.

साहेब खात्रीकडे वळले. हँगरमध्ये घरचं हत्यार आणायला सक्त मनाई आहे, माहीत नव्हतं? कुठून आणलं?

"मी बनवलं," खात्री म्हणाला. दिवसभरातले त्याचे ते पहिले शब्द होते.

"आणि प्लग हातात आल्यावर कळलं तरी गप्प बसलास," बाई कडक आवाजात म्हणाली. "उद्या विमानं उडाली असती तर?"

"उडायच्या आत बोलणार होतो. सगळं माझ्या नावावर घेऊन. पण यांच्यासमोर तोंड उघडेना." यांच्यासमोर म्हणताना त्याने कोणाकडे पाहिलं नाही. पाहायची गरजही नव्हती.

बाईने टोचा फोरमनपुढे धरला. दोन्ही प्लगचे अर्धे तिने आधीच मागवून ठेवले होते, एक म्हातारीचा, एक नव्याचा, कपाटातला कोरा. "फोरमन, तुम्हीच घालून बघा."

त्याने टोचा घेतला. अंगठा आपोआप जुन्या जागेवर बसला. म्हातारीच्या भोकात तो अलगद गेला आणि छान धरून राहिला. मग त्याने नव्याच्या भोकाला टोक लावलं. अडलं. जरा दाबलं, तसं गेलं आणि घट्ट बसलं.

नव्या पोरांना कामावर घेतलं की तो पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवायचा. टोचा सैल असेल तर मीटर खोटं बोलतं. घट्ट बसलं तरच खरं. बरणीच्या झाकणाला तो तेच म्हणायचा, पोरीचं लग्न ठरवतानाही तेच म्हणाला होता. या पोराने ते ऐकलं होतं आणि अक्षरशः पाळलं होतं.

"हे माझं आहे," फोरमन म्हणाला. "मी कातलं आणि मी दिलं. घट्ट दाबायलाही मीच शिकवलं. नवी विमानं आली तेव्हा मी टेबलाशी होतो, माप बघायला उठलो नाही. साहेब, वर नाव पाठवायचं ते माझं पाठवा. या वेळी खोटं बोलत नाहीये."

"मामा, नको," खात्री म्हणाला.

६

घातपात नव्हता, हे वर कळवलं गेलं. पण वर काहीतरी जावंच लागतं. फोरमनने हँगर सोडायचा नाही, उद्या चौकशी, पद राहील याची हमी नाही. बाकीच्यांना मोकळीक. टायरवाला जाताना फोरमनपाशी घुटमळला, काही सुचलं नाही, तेव्हा म्हणाला, पाणीबिणी हवं असेल तर सांगा.

बाईने आपली उशी काखेत घेतली आणि पुन्हा खाली टाकली. सगळ्या नव्या विमानांची सगळी भोकं आता तपासायची होती, सैल असेल ते बदलायचं होतं. माणसं कोण देणार, असं ती साहेबांना विचारत होती. फोरमनने मणी लावलेली पिन तिच्या हातातून घेतली. मी करतो, म्हणाला. पद आजचा दिवस आहे ना?

खात्री एक बूट हातात धरून दारात उभा होता. हँगरमध्ये फोरमन त्याला अरेतुरे करायचा आणि घरी अहोजाहो. इतक्या वर्षांत ते कधी चुकलं नव्हतं.

"जावईबापू, बूट घाला," फोरमन म्हणाला. "ती दुपारपासून दगडावर बसली आहे. तिला घरी न्या."

"तुम्ही?"

"मी येतो मागून. तिला सांगा, बाबा खात्री करून घेतायत."

फाटक उघडल्याचा आवाज आला. जाळीपलीकडे मुलगी धडपडत उठली, नवऱ्याच्या छातीवर डोकं टेकलं, आणि मग त्याच्या खांद्यावरून हँगरकडे बघत राहिली, आणखी कोणी येतंय का म्हणून. फाटक पुन्हा लागलं.

फोरमन बाईच्या उशीवर गुडघे टेकून पहिल्या विमानाखाली शिरला. प्लग काढला, भोकं खाली वळवली. आयुष्यभर जे जोराने दाबलं त्यात आता त्याला पिन नुसती टेकवायची होती आणि हात सोडायचा होता. त्याने हात सोडला.

टिंग.

त्याने फरशी चाचपून पिन उचलली आणि पुढच्या भोकाला लावली.